परगृहवार्ता

चष्मेवाल्यांकडे डोळे तपासायला जायचं म्हणजे अर्धी गोष्ट ऐकून घरी यायचं, हे त्या गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. दुसऱ्या दुकानांत जवळचं वाचायला जो तक्ता हातात देतात, त्यावर कसलातरी अळणी मजकूर असतो. यांच्या तक्त्यावर 'निजधाम' नावाच्या विज्ञानकादंबरीतला उतारा होता. मोठ्या अक्षरांत वैमानिकाचं यान बिघडायचं, मधल्या अक्षरांत यानातली हवा संपत यायची, आणि सगळ्यात बारीक ओळीत त्याला खिडकीतून काहीतरी दिसायचं. काय दिसायचं, ते तक्त्यावर नव्हतं. गिऱ्हाईक तक्ता उलटसुलट करून बघायचं आणि म्हणायचं, "पुढे काय होतं हो?" की चष्मेवाले खूश. नंबर बरोबर लागला आणि वर्गणीदारही मिळाला!

वर्गणीदार कशाचा, तर चष्मेवाले काढत असलेल्या चार पानी मासिक पत्रकाचा. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि तसली जुनी-नवी पुस्तकं जमवणारी वेडी मंडळी यांच्या बातम्या त्यात असायच्या. कोणाला रद्दीत कोणती पहिली आवृत्ती सापडली, कोणाच्या कपाटाला वाळवी लागली, कोणत्या लेखकाने आपल्या नायकाला मंगळावर नेऊन तिथेच विसरून ठेवलं, असलं सगळं. पत्रकाचं नाव 'परग्रहवार्ता'. पहिल्याच अंकावर छापखान्याने ते 'परगृहवार्ता' असं छापलं. चष्मेवाल्यांनी डोक्याला हात लावला. त्यांची बायको मात्र पोट धरून हसली. म्हणाली, "बरोबरच आहे की! दुसऱ्यांच्या घरातल्याच तर बातम्या आहेत." तेव्हापासून घरात त्या पत्रकाला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

बायकोचं आणि परग्रहांचं कधी जमलं नाही. ती नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदणीखिडकीवर बसायची. दिवसभर माणसं येताना आणि जाताना बघून तिचा या एकाच ग्रहावरचा कारभार पुरेपूर होत होता. तिने 'निजधाम' उघडलंसुद्धा नव्हतं. उघडायची सोय तरी कुठे होती? चष्मेवाले पुस्तकाला कोणाला हात लावू देतील तर शपथ! सख्ख्या सासऱ्यांनी एकदा मागितलं, तर त्यांना नवा चष्मा फुकट करून दिला, पण पुस्तक दिलं नाही.

या 'निजधाम'चे दोन भाग निघाले होते. एक वैमानिक निजधाम नावाच्या ग्रहाच्या शोधात निघतो. त्या ग्रहावर गेलेलं कोणीच परत आलेलं नसतं. दोन भाग तो नुसता हिंडतो, आणि दुसऱ्या भागाच्या शेवटच्या ओळीत पोहोचतो. ती ओळ चष्मेवाल्यांना झोपेतसुद्धा म्हणता यायची: "हाच तो ग्रह. दार उघडलं, आणि आतून कोणीतरी म्हणालं, 'किती उशीर केलास!'" बस. संपलं पुस्तक. कोण म्हणालं? चष्मेवाल्यांचं लग्न व्हायच्या आधीपासून हा प्रश्न लोंबकळत होता. परग्रहवार्तेत त्यावर वर्षानुवर्षं हाणामारी चाले. कोणी म्हणे यंत्रमानव, कोणी म्हणे शत्रू, कोणी म्हणे तो वैमानिकच, म्हातारा झालेला. लेखकाला सगळे आदराने 'कर्ते' म्हणत. कर्ते दुसऱ्या गावात आपल्या थोरल्या बहिणीकडे राहत, कोणाला भेटत नसत आणि कोणाच्या पत्राला उत्तर देत नसत. चष्मेवाले दर महिन्याला त्यांना अंक पाठवत आणि वर पेनाने लिहीत, "तिसऱ्या भागाची वाट पाहतो आहोत." उत्तर कधी आलं नाही. पण अंकही कधी परत आला नाही, एवढ्यावर चष्मेवाले तग धरून होते.

आणि एके दिवशी दुकानातला फोन वाजला.

"परग्रहवार्ता का? 'निजधाम' लिहिणाऱ्याची मी ताई बोलतेय. तुमचा अंक येतो घरी, त्यावर हा नंबर होता," पलीकडून करड्या, ठणठणीत आवाजात कोणी म्हणालं. "कळवायला फोन केला. भाऊ निजधामाला गेला."

चष्मेवाल्यांनी याचा एकच अर्थ घेतला, कर्ते अखेर तिसऱ्या भागाकडे वळले! त्यांच्या हातातली फ्रेम गळून पडली. "काय सांगता! गेले?"

"हो."

"अखेर गेले!"

"हो. अखेर."

"ताई, काय सांगू तुम्हाला! आम्ही किती वर्षं या दिवसाची वाट बघतोय! लोकांनी आशा सोडली होती. म्हणायचे, आता कसले जातात! मी मात्र म्हणायचो, जाणार म्हणजे जाणार!"

"शेवटी शेवटी त्याला फार त्रास झाला," ताई म्हणाल्या. "खाणंपिणं सुटलं होतं. कोणाशी बोलतही नव्हता."

"तंद्री लागली की तसंच होतं! मग आता पूर्ण व्हायला साधारण किती दिवस लागतील?"

"काय पूर्ण व्हायला? सगळं कालच आटोपलं."

"आटोपलं? म्हणजे पूर्ण झालं?" चष्मेवाल्यांचा आवाज चिरकला.

"पूर्ण."

"अभिनंदन, ताई! मनापासून अभिनंदन! कर्त्यांना म्हणावं, आता मस्तपैकी विश्रांती घ्या."

"घेतोय," ताई म्हणाल्या आणि फोन खाली ठेवला.

चष्मेवाल्यांना वाटलं लाइन कटली. खुर्चीवर एक डोळा झाकून बसलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून ते छापखान्याकडे धावत सुटले. एरवी अंकाचा शब्दन्‌शब्द बायकोच्या नजरेखालून जायचा, पण ती नेमकी बहिणीकडे गेलेली. आणि असली बातमी थांबवून ठेवायची म्हणजे काय! दोन दिवसांत अंक छापून, घडी घालून, तिकिटं चिकटवून पेटीत पडलाही. पहिल्या पानावर ठसठशीत मथळा होता: "कर्ते निजधामाला! सगळं आटोपलं! सर्वत्र आनंदीआनंद!" खाली कर्त्यांचा पत्ता देऊन वाचकांना विनंती केली होती, की प्रत्येकाने आपला आनंद पत्राने थेट कळवावा.

सगळ्यात आधी आनंद कळवला तो 'कोरी प्रत' यांनी. हे चष्मेवाल्यांचे जुने मित्र. 'निजधाम'च्या तीन-तीन प्रती त्यांच्याकडे होत्या आणि एकही त्यांनी वाचलेली नव्हती, कारण वाचलं की पुस्तकाची पाठ मोडते. ते पुस्तकाला हातमोजे घालून हात लावत आणि शिंक आली तर कपाटाच्या खोलीतून बाहेर पळत. अंक हातात पडताच त्यांनी कर्त्यांच्या घरी भला मोठा पुष्पगुच्छ पाठवून दिला आणि चष्मेवाल्यांना तसं फोन करून सांगितलंही. "रिबिनीवर काय लिहिलंय माहितीये? 'प्रवास सुखाचा झाला ना?' कसं आहे?"

"बहार आहे!" चष्मेवाले म्हणाले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी बायको परतली. पिशवी खांद्यावरच होती, पायात चपलाही होत्या, आणि टेबलावरचा अंक तिने उचलला. मथळा वाचला. परत वाचला.

"कोण गेलं निजधामाला?"

"कर्ते! तू नव्हतीस ना, त्यांच्या ताईंचा फोन आला होता."

"ताई काय म्हणाल्या नेमकं? शब्द न्‌ शब्द सांगा."

चष्मेवाल्यांनी मोठ्या अभिमानाने सगळं संभाषण आवाज बदलून सादर केलं. बायको हळूच खुर्चीत बसली. "अहो," ती म्हणाली, "माझ्या खिडकीवर रोज कोणी ना कोणी निजधामाला जातं."

"तुझ्या खिडकीवर? आपले वाचक आहेत तिथे?"

"कर्म माझं! अहो, माणूस गेला! वारला! माझ्याकडे येऊन कोणी सरळ 'मेला' म्हणतं का? कोणी म्हणतं देवाघरी गेले, कोणी म्हणतं सोडून गेले, जुन्या वळणाचं कोणी म्हणतं निजधामाला गेले. मी सगळ्यांपुढे एकच शब्द लिहिते."

चष्मेवाले हसले. मग हसू अर्ध्यावर थांबलं. "पण त्या म्हणाल्या, सगळं आटोपलं..."

"आटोपलंच ना!"

"मी विचारलं, पूर्ण झालं का, तर..."

"अहो, पूर्णच!"

आता मात्र चष्मेवाले मटकन खाली बसले. 'निजधाम' या शब्दाला ग्रहाखेरीज दुसरा काही अर्थ असतो, हे त्यांना लहानपणी नक्की माहीत होतं. पण पुस्तक वाचल्यापासून तो अर्थ त्यांच्या डोक्यातून असा काही पुसला गेला होता की विचारू नका. "अगं, मी त्यांचं अभिनंदन केलं," ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

"तोंडावर?"

"फोनवर."

"तेवढीच देवाची कृपा. उठा. सकाळच्या पहिल्या गाडीने जायचं आणि पाय धरायचे. आणि ती दोन पुस्तकं घ्या बरोबर. निजधाम नावाचा ग्रह आहे म्हणून सांगाल तर कोण विश्वास ठेवणार आहे? पुरावा नको?"

गाडीत चष्मेवाले दोन्ही पुस्तकं छातीशी धरून बसले होते. कर्ते गेले, हे आता कुठे त्यांच्या मनात उतरत होतं. ज्या माणसाला कधी पाहिलं नाही, ज्याने चार ओळींचं उत्तर कधी दिलं नाही, त्याच्यासाठी त्यांना खरोखर रडू येत होतं. आणि त्या रडण्याच्या आत एक चोरटा विचार वळवळत होता. आता कोण सांगणार, आतून कोण म्हणालं ते? या विचाराची त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

ताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या तोंडाशीच फुलांचा वास आला. कोरी प्रत यांच्या पुष्पगुच्छाला पुरेल एवढी फुलदाणी घरात नसावी, कारण तो दाराबाहेर एका बादलीत उभा होता. रिबिनीवरचा प्रश्न लांबूनही वाचता येत होता. चष्मेवाले तिथूनच परत फिरणार होते, पण मागे बायको होती.

ताईंनी दार उघडलं. आयुष्यभर मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि ते त्यांच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळत होतं. "परग्रहवार्ता?" त्यांनी विचारलं.

चष्मेवाले बाजूला सरकले. बायकोच म्हणाली, "हो, हेच ते."

"बसा."

खोली लहान आणि लख्ख होती. खिडकीशी एक लिहायचं टेबल, त्यावर धूळ नाही, कागद नाही. दुसऱ्या टेबलावर मात्र पत्रांचा ढीग पडलेला, आणि ढिगावर एक लाल पेन्सिल. ताईंनी वरचं पत्र उचलून चष्मेवाल्यांच्या हातात दिलं. "वाचा. मोठ्याने."

"'आदरणीय कर्ते,'" चष्मेवाले कापऱ्या आवाजात वाचू लागले, "'इतकी वर्षं आम्हाला ताटकळत ठेवलंत, पण गेलात एकदाचे...'"

"'ताटकळत'मधला 'ट' सुटला होता, तो मी घातलाय. पुढचं घ्या."

"'आमच्या सौ. आणि मुलांनी बातमी ऐकून उड्या मारल्या...'" चष्मेवाल्यांना पुढे वाचवेना. "ताई, मारा मला. वाटेल ते बोला. मी गाढव आहे."

"ते कळलं," ताई म्हणाल्या. "माझा भाऊ गेला, आणि तुम्ही मला फोनवर म्हणालात, आम्ही वाट बघत होतो. मी रात्रभर विचार करत होते, की याने या लोकांचं एवढं काय वाईट केलं असेल?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मग ही पत्रं यायला लागली. सगळ्यांना आनंद! नुसता आनंद! मला समजावून सांगा. मी शिकलेली बाई आहे, मला समजेल."

चष्मेवाल्यांनी दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली आणि समजावलं. वैमानिक, यान, संपत आलेली हवा, आणि निजधाम नावाचा ग्रह. ताईंनी ती पुस्तकं कधी उघडली नव्हती. भाऊ काहीतरी पोरकट लिहितो एवढंच त्यांना माहीत होतं, आणि त्यालाही तसं त्यांनी बऱ्याचदा ऐकवलं होतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी वरच्या पुस्तकाच्या नावावरून बोट फिरवलं.

"हा शब्द त्याला मी दिला," मग त्या म्हणाल्या. "आई गेली तेव्हा तो इतकुसा होता. आई कुठे गेली, आई कुठे गेली, म्हणून त्याने माझा जीव खाल्ला. मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं मी सांगून टाकलं, निजधामाला गेली. तर म्हणाला, ते कुठे असतं? मलाही कुठे माहीत होतं! मी असं वर बोट केलं."

त्यांनी खरंच वर बोट केलं. चष्मेवाल्यांनी आणि बायकोने छताकडे पाहिलं.

"तिथे जायला गाडी असते का, म्हणून विचारायचा," ताई म्हणाल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

चष्मेवाल्यांच्या मनात तो चोरटा विचार पुन्हा वळवळला. बायकोने चिमटा काढला तरी त्यांना राहवेना. "ताई, एक विचारू? तिसरा भाग... काही लिहिलं होतं त्यांनी?"

"एक अक्षर नाही. रोज सकाळी त्या टेबलाशी जाऊन बसायचा. मी विचारायची, अरे, दिवसभर करतोस काय? तर म्हणायचा, 'ताई, दाराशी उभा आहे.' मला वाटायचं, म्हातारचळ लागला." मग त्यांनी पत्रांच्या ढिगावर हात ठेवला. "त्याची वाट बघणारी मी एकटीच आहे, असं मला वाटायचं. जेवायला बोलावून बोलावून घसा सुकायचा माझा. आणि इतकी माणसं वाट बघत होती, मेल्याने कधी सांगितलं नाही!"

आता बायकोनेही डोळ्यांना पदर लावला. चष्मेवाल्यांना काय करावं सुचेना. मोठं दुःख समोर आलं की माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. त्यांनी मघाशीच पाहिलं होतं, की ताई पत्र हात लांब करून वाचतात आणि चष्म्याची काच दोऱ्याने बांधलेली आहे. त्यांनी खिशातून जवळचं वाचायचा तक्ता काढला. "ताई, नंबर वाढलाय तुमचा. हे वाचा बघू."

"हे असले धंदे तुम्ही दुखवट्यालाही करता?" असं म्हणत ताईंनी तक्ता घेतला. यान बिघडलं. हवा संपत आली. ताईंनी तक्ता आणखी लांब धरला, डोळे बारीक केले आणि एकेक अक्षर लावत शेवटची ओळ कशीबशी वाचली. मग तक्ता उलटा केला. मागे काहीच नव्हतं.

"पुढे काय होतं?" मुख्याध्यापिकेने विचारलं.

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं, पुस्तकांकडे पाहिलं आणि दोन्ही भाग ताईंच्या पुढे सरकवले. "वाचा तुम्ही. चष्मा मी नवा पाठवतो."

"अहो," बायको कानाशी कुजबुजली, "त्या लाल पेन्सिल घेऊन वाचतील!"

"वाचू दे," चष्मेवाले म्हणाले. चेहरा मात्र दात उपटून घेणाऱ्या माणसासारखा झाला होता.

निघताना त्यांनी हात जोडले. पुढच्याच अंकात पहिल्या पानावर चूकदुरुस्ती छापतो, म्हणाले. ताईंनी मान हलवली. "तो गेला हे छापा. पण आधीची बातमी चुकली असं मुळीच छापायचं नाही. माझा जन्म चुका काढण्यात गेलाय. शुद्धलेखन सोडलं, तर तुमच्या बातमीत मला चूक दिसत नाही. आणि ती बादली वाटेतून आत आणा. फुलं चांगली आहेत."

पुढचा अंक निघाला. बातमी वाचून सगळे वर्गणीदार ओशाळले, रडले, आणि तिसरा भाग आता कधीच येणार नाही म्हणून पुन्हा एकदा रडले. कोरी प्रत तर आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. नवा चष्मा गेला. पुस्तकांचा मात्र पत्ता नाही. चष्मेवाले रोज पोस्टमनकडे आशेने बघत, आणि विचारायला जीभ रेटत नसे.

एक दिवस पार्सल आलं. दुकानात तेव्हा कोरी प्रत बसलेले होते आणि खुर्चीवर एक गिऱ्हाईक होतं. चष्मेवाल्यांनी पुस्तक उघडलं. पानोपान लाल! ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, 'वाक्य लांबलं', 'हे आधी सांगून झालंय', आणि एका जागी 'खोटं बोलतोस, तू अंधाराला घाबरायचास'.

"बाद झाली!" कोरी प्रत छातीला हात लावून ओरडले. "पहिली आवृत्ती! प्रत साफ बाद झाली!"

चष्मेवाल्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी दुसऱ्या भागाचं शेवटचं पान काढलं होतं. 'हाच तो ग्रह' हे वाक्य ताईंनी लाल पेन्सिलीने खोडलं होतं आणि वर नीट, शाळेच्या फळ्यावर लिहितात तसं लिहिलं होतं, 'हेच ते गृह'. आणि 'किती उशीर केलास!' या शब्दांच्या बाजूला समासात दोनच वाक्यं होती. "ही आईच. खेळून घरी आला की रोज असंच ओरडायची."

चष्मेवाल्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचायला गेले, तर अक्षरं दिसेनात. चष्मा काढून पुसला, तरी दिसेनात.

"आता दुसरा डोळा झाकू का?" खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाने विचारलं. तक्ता त्याच्या हातातच होता. "तोवर वाचून काढलं मी हे. पुढे काय होतं हो?"

इतकी वर्षं या प्रश्नाला चष्मेवाले एकच उत्तर द्यायचे, की तिसऱ्या भागात कळेल. आज त्यांनी नाक पुसलं.

"पुढे ना?" ते म्हणाले. "पुढे तो घरी पोहोचतो, आणि आई रागावते."